मारितच्या नावाचा एअरब्रश

होल्गरनं रंग फवारायच्या एअरब्रशची सुई उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि लगेच परत डबीतल्या खाचेत ठेवली, ठेवली म्हणजे जवळजवळ टाकलीच, आणि दोन्ही हात जाकिटाच्या खिशात घातले.

“पॉइंट तीन मिलिमीटर,” तो म्हणाला. “फार बारीक. तिला नको.”

“पॉइंट तीन बारीक?” काउंटरमागून दुकानदार रोफ्फे म्हणाला. “आम्हाला तू पॉइंट दोननं सुरुवात करायला लावलीस. रडलो होतो मी. खरंच, टॉयलेटमध्ये जाऊन रडलो होतो.”

“तू कांदा कापतानाही रडतोस. पॉइंट पाच दाखव तिला.”

ती म्हणजे मारित, होल्गरची मुलगी, वय एक्केचाळीस, आणि ती दुकानाच्या मधोमध हातमोजे चुरगाळत उभी होती, कारण तिला अजून पटतच नव्हतं की आपण इथे आहोत. सकाळी बापाचा फोन आला होता. आज सुट्टी आहे ना तुला, बोरलेंगेला जाऊ रोफ्फेकडे, तुझ्यासाठी एअरब्रश घेऊ, पहिल्यापासून शिकवतो. एवढं बोलून फोन ठेवला. मारित त्यानंतर पाच मिनिटं एका पायात मोजा घालून पलंगावर बसून होती.

कारण असं, की स्वीडनमधल्या अख्ख्या दालार्ना प्रांतात कुणाला मोटरसायकलच्या टाकीवर लांडगा हवा असो, कवटी हवी असो, नाहीतर आगीच्या ज्वाळा, तो होल्गरकडे यायचा. घरामागच्या जुन्या गोठ्यात त्याची कार्यशाळा होती आणि मारितचं सगळं लहानपण त्या गोठ्याच्या दाराच्या काचेला नाक लावून गेलं होतं. आत यायचं नाही, वास असतो, एवढंच उत्तर. एकदाच, ती बारा वर्षांची असताना, त्यानं तिला आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि एका लाल टाकीवर एकच पांढरी रेघ मारायला दिली. नियम सांगितला. बटण दाबलं की हवा येते, मागे ओढलं की रंग येतो. सुरू करताना आधी हवा, मग रंग. थांबताना आधी रंग, मग हवा. तिनं अर्धी रेघ फार छान मारली, आणि मग घाबरून बोट एकदम उचललं. सुईच्या टोकाला थेंब राहिला. पुढच्या वेळी दाबल्याबरोबर तो थुंकल्यासारखा उडाला आणि रेघेवर चिरडलेल्या माशीसारखा बसला. होल्गर ओरडला नाही. त्यानं फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, “तुला हात नाही, मारित.” बस. एकोणतीस वर्षं झाली त्याला, आणि त्यानंतर तिनं कधी त्या काचेला नाक लावलं नाही. ती मोठी झाली, म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची कामं करण्याची नोकरी धरली, रोज दहा घरं, दहा जणांची बटणं लावायची, दहा जणांच्या गोळ्या डबीत भरायच्या. आणि आज अचानक, तुझ्यासाठी घेऊ.

“कॉफी?” रोफ्फेनं थर्मास उचलला.

“नको,” होल्गर म्हणाला.

रोफ्फेचा हात थर्मासवर तसाच राहिला. “काय म्हणालास?”

“नको म्हणालो.”

“मारित, ह्याला ताप आहे का? बावीस वर्षं ओळखतो मी ह्याला. आमच्या बुधवारच्या वर्गाला शिकवायला हा रंग विसरून यायचा, पण कॉफी विसरायचा नाही.”

“सकाळी झाली खूप,” होल्गर म्हणाला. “तू कंप्रेसर दाखव.”

मारितनं कॉफी घेतली, आपली आणि त्याची अशी दोन्ही, कारण रोफ्फेनं तोवर दोन कप भरलेच होते. ती इतकी खूश होती की दोन काय, चार कप प्यायली असती.

कंप्रेसर भिंतीला ओळीनं मांडले होते. रोफ्फेनं सगळ्यात छोटा पुढे ओढला. नवशिक्याला हा पुष्कळ, म्हणाला, हलका आहे, खर्चही कमी. होल्गरनं बुटानं तो बाजूला सरकवला.

“ह्याला हवा साठवायची टाकी नाही. हवा उसळ्या मारत येते.”

“अरे, तुझ्या त्या जुन्यालाही टाकी नाही. तीस वर्षं त्याच खटाऱ्यावर कामं केलीस. उसळी हातात मुरवायची, असं आम्हाला सांगायचास.”

“मला ठाऊक आहे मी काय सांगायचो. टाकीवाला दे. हवा एकसारखी पाहिजे, जरासुद्धा उसळी नको. आणि पाणी अडवायचा फिल्टर लाव त्याला. आणि आवाज न करणारा.”

“मुलीचे फारच लाड,” रोफ्फे मारितला म्हणाला.

मारित लाजली, एक्केचाळीस वर्षांची बाई लाजली, आणि कॉफीत बघत राहिली.

आता हे सगळं एवढ्या घाईनं कशासाठी, तर सिक्स्टनसाठी. सिक्स्टन म्हणजे होल्गरचा सख्ख्या भावापेक्षा जवळचा मित्र. दोघं एकाच कारखान्यात लागले, एकाच वर्षी पहिली मोटरसायकल घेतली, एकाच तळ्यावर मासे धरायला जायचे. सिक्स्टनचा जीव गेड्डा माशावर होता, म्हणजे तो लांब चोचीसारख्या तोंडाचा, हिरवा, अंगभर पिवळट ठिपके असलेला मासा, ज्यानं एकदा सिक्स्टनच्या अंगठ्याचा टवका काढला होता. माझ्या हेल्मेटवर तो गेड्डा काढून दे, असं सिक्स्टन अकरा वर्षं म्हणत होता आणि अकरा वर्षं होल्गर म्हणत होता, रांगेत थांब, पैसे देणारी माणसं पुढे आहेत, आणि तुझ्या डोक्यावर गेड्डा काढला तर गेड्ड्याचा अपमान होईल. सिक्स्टन हसायचा आणि कोरं पांढरं हेल्मेट घालून फिरायचा. मार्चमध्ये दारासमोरचा बर्फ काढताना तो फावड्यावर टेकला आणि तसाच खाली बसला, तो उठलाच नाही. त्याची बायको गुन्नेल चार दिवसांनी ते हेल्मेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आली आणि होल्गरच्या कामाच्या ओट्यावर ठेवून म्हणाली, “आता तरी काढ.” शवपेटीवर फुलांच्या शेजारी ठेवायचं होतं. अंत्यविधी पुढच्या शुक्रवारी होता.

येताना गाडीत होल्गर म्हणाला होता, “सिक्स्टनचा गेड्डा तू काढायचास. मी सांगत जाईन.”

“मी? पहिलंच काम, आणि ते सिक्स्टनचं?”

“गेड्डा सोपा असतो. नुसते ठिपके.”

बाहेर झाडणाऱ्या गाड्या, हिवाळ्यात बर्फावरून घसरू नये म्हणून रस्त्यावर टाकलेली खडी गोळा करत होत्या. खडी गेली की मोटरसायकली बाहेर निघतात, दर वर्षी होल्गर ह्या गाड्यांना हॉर्न वाजवून सलाम करायचा. ह्या वेळी त्यानं मान फिरवून पाहिलंही नाही, आणि मारितला वाटलं, सिक्स्टन नाही म्हणून.

“बरं, एअरब्रश,” रोफ्फे म्हणाला आणि काचेखालून दोन काढून काउंटरवर ठेवले. “हा नेहमीचा. पेनसारखा धरायचा, वर रंगाची वाटी, दाबलं की हवा, ओढलं की रंग. शिकायला महिना लागतो, पण शिकलं की आयुष्यभराचं. आणि हा दुसरा मी फक्त गंमत म्हणून दाखवतोय.”

दुसऱ्याला पिस्तुलासारखी मूठ होती. अख्ख्या हातानं धरायची आणि एकच खटका ओढायचा. थोडा ओढला की हवा, आणखी ओढला की रंग. तोल सांभाळायला नको, चुकायला जागाच नाही.

“तुझा बाप ह्याला काय म्हणायचा माहितीये?” रोफ्फे मारितला म्हणाला. “केकवाल्यांची पिचकारी. वर्गाच्या भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवला होता एक, खाली पाटी, हात नसलेल्यांसाठी.”

“तोच दे,” होल्गर म्हणाला.

रोफ्फे हसला. मग हसायचा थांबला. “तू? हा?”

“तिला देतोयस ना. तिच्या हाताला जमेल असं दे.”

मारितनं कप खाली ठेवला. एकोणतीस वर्षं, आणि पुन्हा तेच वाक्य, फक्त दुसरे कपडे घालून. मघाची सगळी खुशी कानांतून गरम होऊन बाहेर पडली. ती म्हणाली, “मला नेहमीचा दे, रोफ्फे. मी शिकेन.”

“ऐक माझं,” होल्गर म्हणाला.

“तू म्हणालास ना, पहिल्यापासून शिकवतो. मग पहिल्यापासूनच शिकव.”

दुकानाच्या कोपऱ्यात एक टेबल होतं, वर कागदाचा रोल, शेजारी चालू कंप्रेसर, गिऱ्हाइकांनी हात चालवून बघायला. रोफ्फेनं नेहमीच्या एअरब्रशमध्ये काळ्या रंगाचे चार थेंब टाकून तिच्या हातात दिला. मारितनं श्वास घेतला. आधी हवा. फुस्स. मग रंग. रेघ निघाली, जरा जाड, जरा वेडीवाकडी, पण निघाली. शेवटाला तिनं आधी रंग सोडला, मग हवा. थेंब राहिला नाही.

“बघ,” रोफ्फे म्हणाला. “हात आहे की हिला. होल्गर, बघितलंस?”

“बघितलं.”

“आता तू दाखव. ती मांजराची मिशी काढून दाखव. मारित, तुझा बाप अशी मिशी काढायचा, मुळाशी केसाएवढी आणि टोकाला तर नाहीशीच, कुठे संपली ते भिंग लावलं तरी कळायचं नाही. काढ ना एक.”

“चष्मा नाही आणला.”

चष्मा त्याच्या कपाळावर होता. रोफ्फेला दिसला, त्यानं तोंड उघडलं, पण तेवढ्यात मागच्या खोलीतला फोन वाजला आणि फिल्टर शोधून आणतो असं पुटपुटत तो आत गेला.

मारित रागानं मास्कच्या मांडणीकडे वळली. मास्क तर घ्यायचाच होता, तो कुठला घ्यायचा हे बापाला न विचारता घ्यायचं तिनं ठरवलं, आणि ती डब्यावरची अक्षरं वाचत होती, काहीच न वाचता. पाठीमागे फुस्स झालं. तिला वाटलं, रोफ्फे आला. तिनं वळून पाहिलं.

होल्गर टेबलापाशी होता. नेहमीचा एअरब्रश त्याच्या उजव्या हातात होता आणि डाव्या हातानं त्यानं उजवं मनगट आवळून धरलं होतं, इतकं की बोटांची टोकं पांढरी पडली होती. कोपर बरगड्यांना दाबलेलं. कागदावर मिशी निघत नव्हती. मण्यांची माळ निघत होती, मणी, मणी, मणी, आणि शेवटी चिरडलेली माशी. तो त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं काउंटरवरचं ते पिस्तुलासारखं आणून त्याला नळी जोडली, उरलेला रंग त्यात ओतला, ते अख्ख्या मुठीत धरलं, खटका ओढला, आणि रेघ आली. थरथरती होती, पण रेघ होती. त्यानं आणखी एक काढली. मग कागद फाडून घडी घातली आणि खिशात ठेवली, आणि खिशात घालताना कागद दोनदा खिशाच्या कडेला अडकला.

मारित परत मास्ककडे वळली. डब्यावर कारखान्याचं नाव होतं, ते तिनं तीन वेळा वाचलं.

मग एकेक गोष्ट यायला लागली, आधीच येऊन दाराशी थांबल्यासारखी. नाताळापासून तो चेनवाले स्वेटर घालत होता. एकही बटण नाही. सूप वाटीतून न खाता मगमधून प्यायचा. वाढदिवसाच्या कार्डावर सही करायच्या ऐवजी त्यानं नावातला नुसता पहिला एच काढला होता. रोज दहा घरांत ती ह्याच गोष्टी बघत होती आणि संध्याकाळी फॉर्मवर नोंदवत होती, आणि अकराव्या घरात, बापाच्या, येऊन पाय ताणून सोफ्यावर बसत होती.

रोफ्फे फिल्टर घेऊन आला. “मिळाला. तर मग, नेहमीचा बांधू?”

“नाही,” मारित म्हणाली. “पिस्तुलाचा.”

“आता तूही?”

“माझा हात थरथरतो रे. मघाशी नशिबानं जमलं.”

होल्गर खिडकीतून समोरच्या टायरवाल्याच्या दुकानाकडे बघत होता.

“केकवाली,” रोफ्फे म्हणाला.

“असू दे. केक खाणारे पुष्कळ आहेत.”

रोफ्फे हसला आणि त्यानं काउंटरखालून नावाच्या पट्ट्या छापायचं यंत्र काढलं. ही होल्गरच्याच वर्गातली शिस्त होती. प्रत्येकाच्या एअरब्रशवर प्रत्येकाचं नाव, आणि दुसऱ्याच्या एअरब्रशला हात लावायचा नाही, कारण तो त्याच्या मालकाच्या हाताला सरावतो, मग तो दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. रोफ्फे दुकानातून एकही एअरब्रश बिननावाचा बाहेर जाऊ देत नसे.

“नाव काय टाकू?” त्यानं विचारलं, असंच, सवयीनं.

होल्गर खिडकीपासून वळला नाही. त्याचे हात खिशात होते आणि जाकिटाचं कापड आतून हलत होतं.

“माझं,” मारित म्हणाली. “दुसऱ्या कुणाचं टाकणार?”

परत जाताना लुद्विका गावाच्या अलीकडे होल्गर एवढंच म्हणाला, “टाकीवाला कंप्रेसर घेतला ते बरं झालं.” आणि मारित म्हणाली, “हो, उसळी नको.”

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती थेट गोठ्यात गेली. काचेला नाक न लावता, दार उघडून. होल्गरनं कागद लावून ठेवला होता, रंग कालवून ठेवला होता, आणि त्यानं खरोखरच शिकवायला सुरुवात केली, गंभीर चेहऱ्यानं, ह्यावर ठिपके काढ, आता छोटे, आता आणखी छोटे. तिनं काढले. ओट्यावर सिक्स्टनचं हेल्मेट होतं. पॉलिश पेपरनं घासून ठेवलेलं, पण कडेला, टेपच्या खाली, हिरव्या रंगाची एक पुसट रेषा राहून गेली होती. म्हणजे एकदा काढून झालं होतं. आणि घासून टाकलं होतं. मारितनं अंगठा फिरवून पाहिला, तर एकाखाली एक अशा दोन कडा लागल्या. एकदा नव्हे.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “पप्पा, मला नाही जमणार गेड्डा. ठिपके ठीक आहेत, पण तोंड नाही जमणार. तू सुरू कर, मी बघून शिकते.”

बाहेर कुणाच्या तरी अंगणात मोसमातली पहिली मोटरसायकल चालू झाली, खोकली आणि बंद पडली.

“माझ्या नावाचा आहे म्हणून अडू नकोस,” मारित म्हणाली. “मालकिणीची परवानगी आहे.”

होल्गर स्टुलावर बसला. त्यानं पिस्तुलाची मूठ धरली, डाव्या हातानं मनगट आवळलं. “आधी हवा,” तो स्वतःशी म्हणाला. हवा आली. रंग काही आला नाही, कारण हात हेल्मेटवर ठरेना. माशी खिडकीच्या काचेवर ठरत नाही तसा तो इकडून तिकडे जात राहिला. मारितनं आपलं स्टूल जवळ ओढलं आणि तळवा त्याच्या कोपराखाली ठेवला. पकडला नाही, उचलला नाही, नुसता खाली ठेवला. नव्वद वर्षांच्या माणसाला स्वतःच्या हातानं दाढी करायची असते तेव्हा असाच ठेवायचा असतो, हे तिला कामावर कुणीतरी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

हात थांबला नाही, पण कमी झाला. गेड्ड्याच्या पाठीची रेषा आली.

असे पाच दिवस. रोज दोन तास, मग तो थकायचा आणि ती सुई धुवायची, कारण सुई धुवायला बोटं लागतात. ती नेहमीसारखी थोडं थोडं बोलायची, आज अमक्या आजींनी दात कुठे लपवले वगैरे, आणि तो हूं म्हणायचा. एकदा तिनं त्याच सुरात विचारलं, “डॉक्टरला दाखवलंस?”

“नोव्हेंबरात.”

“काय म्हणाला?”

“नाव सांगितलं त्याचं.” त्यानं एक ठिपका काढला. “प्रत्येकाला नाव असतं म्हणे.”

गेड्ड्याचा डोळा त्यानं शेवटी ठेवला होता. गुरुवार उजाडायच्या आत वरचा क्लिअर कोट, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर, वाळायला हवा होता, म्हणून मंगळवारी तो करावाच लागला. त्यानं श्वास आत घेतला, रोखला, मारितनंही रोखला, आणि डोळा आला, पिवळा, मधे काळा, कडेला उजेडाचा एक कण, एका झटक्यात, सगळ्या गेड्ड्यात तेवढा डोळाच जुन्या होल्गरचा. दोघांनी एकदमच श्वास सोडला.

पिस्तूल खाली ठेवून तो गेड्ड्याकडे बघत बसला. मग म्हणाला, “ती लाल टाकी होती ना. तुझी.”

मारित फडकं पिळत होती. ती पिळतच राहिली.

“मी घासून पुन्हा रंगवली ती. एका दुपारचं काम होतं.” त्यानं हेल्मेट किंचित फिरवलं. “फार तर दीड.”

शुक्रवारी चर्चबाहेर चौतीस मोटरसायकली होत्या. हिवाळ्यात चालवायची नसते म्हणून सरकारी नोंदीतून उतरवलेली सिक्स्टनची गाडी गुन्नेलनं एका दिवसापुरती पुन्हा नोंदीवर चढवून घेतली होती, फक्त तेवढ्यासाठी फोन करून, आणि मोटरसायकल क्लबातला केंटा ती हळूहळू चालवत सगळ्यांच्या पुढे आला. आत पेटीवर बर्चच्या कोवळ्या फांद्या होत्या, पिवळी फुलं होती आणि मधे हेल्मेट, आणि हेल्मेटवर गेड्डा तोंड उघडून वळलेला, जसा काही कुणाच्या तरी अंगठ्याच्या मागे लागलाय. पहिल्या बाकावर गुन्नेल रडता रडता एकदा हसली. होल्गरनं ते पाहिलं.

मग शेजारच्या सभागृहात कॉफी आणि केकसारखा रचलेला सँडविचचा खारा केक. हेल्मेट एका टेबलावर सिक्स्टनच्या फोटोशेजारी ठेवलं होतं आणि चामड्याची जाकिटं घातलेली मोठमोठी माणसं हातात छोट्या छोट्या बशा घेऊन त्याच्याभोवती उभी होती. गुन्नेल किटली घेऊन फिरत होती. होल्गरकडे आली तेव्हा त्यानं मान हलवली, नको.

केंटा हेल्मेटवर वाकला. केंटानं स्वतः आयुष्यभर गाड्या रंगवल्या होत्या, ज्वाळा आणि पट्टे, आणि त्याची नजर कुणाला दयामाया दाखवत नसे. त्यानं हेल्मेट न उचलता चहूबाजूंनी पाहिलं.

“कुणी केलं हे? होल्गर, हे तुझं नाही.”

चार जणांनी माना वळवल्या. मारित बापाच्या शेजारीच होती. तिला त्याचा श्वास ऐकू आला, आत गेलेला, रोखलेला, डोळा काढताना रोखला होता तसा.

“नाही,” होल्गर म्हणाला. “मारितनं केलं.”

“तरीच,” केंटा म्हणाला. “नवशिक्याचा हात आहे. ठिपके बघ, थरथरलेत सगळे. पाठीची रेघ तीन ठिकाणी लटपटलीये. घाबरत केलंय.” तो आणखी वाकला. “पण डोळा बघा. डोळा जमलाय. बाई, हात येईल तुला. दोन-तीन वर्षं मेहनत कर, येईल.”

“येईल,” होल्गर म्हणाला. त्याचा आवाज अगदी सरळ होता.

सगळे आता मारितकडे बघत होते, कौतुकानं, नवशिक्यांकडे बघतात तसं. तिच्या गालांवर ऊन आल्यासारखं झालं. बारा वर्षांची असताना हे ऐकायला तिनं काहीही दिलं असतं.

“शिकतेय,” ती म्हणाली.

“माझंही कर एक,” केंटा म्हणाला. “जुनं आहे, पडून आहे, बिघडलं तरी चालेल. हात बसायला. काय करायचं ते कर.”

मारितनं बापाकडे पाहिलं नाही. तिनं फक्त कोपराला कोपर लावलं आणि तिथून जे यायचं ते यायची वाट पाहिली. जाकिटाचं कापड आतून हलत होतं, नेहमीसारखंच. मग ते किंचित तिच्याकडे दाबलं गेलं.

“मला वेळ लागतो हं,” ती केंटाला म्हणाली. “रोज थोडंथोडंच होतं.”

“घाई कुणाला आहे?”

गुन्नेल परत फिरत किटली घेऊन आली आणि मघाचा नकार आठवून होल्गरला ओलांडून पुढे जायला लागली. होल्गरनं खिशातून हात बाहेर काढला. टेबलावरचा एक रिकामा कप उचलला, तो बशीवर खडखडला, दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं, आणि त्यानं तो तसाच पुढे धरून ठेवला. मारितचा तळवा बशीखाली गेला.

“दे,” तो गुन्नेलला म्हणाला. “अर्धाच.”